मुंबईत तीन लाखांत पहिली सेकंड हँड गाडी कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वय २४, पहिलीच नोकरी, भांडुपला आईवडिलांबरोबर राहता. ऑफिसला लोकलनेच जाणार. गाडी हवी ती शनिवार-रविवारी, आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी आणि गणपती-शिमग्याला चिपळूणला जायला. हातात तीन लाख आहेत आणि मित्र म्हणतोय, डिझेल स्विफ्ट घे, मायलेजला तोड नाही.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. डिझेल नको. आणि तीन लाख आहेत म्हणून तीन लाखांची गाडीही नको. दोन लाख चाळीस-पन्नास हजारांपर्यंतची साधी पेट्रोल हॅचबॅक बघा आणि उरलेल्या पन्नास हजारांना गाडी दारात येईपर्यंत हात लावू नका. टायर, बॅटरी, क्लच, विमा यांतले दोन तरी खर्च पहिल्या सहा महिन्यांत दत्त म्हणून उभे राहतात, आणि तेव्हा खिसा रिकामा असला की माणूस दुरुस्ती पुढे ढकलतो. जुनी गाडी बिघडते ती तिथूनच.

सोसायटीत पार्किंगची जागा नक्की मिळणार आहे ना, हे मात्र गाडी शोधायच्या आधी सेक्रेटरींना विचारून घ्या. रस्त्यावर उभी राहणारी गाडी मुंबईत स्वस्तात पडत नाही.

आता डिझेलचं. तुमचं चालणं महिन्याला पाचशे किलोमीटरच्या पुढे जाईल असं वाटत नाही. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये छोटी पेट्रोल गाडी लिटरला पंधराच्या आसपास देते, म्हणजे महिन्याचं पेट्रोल साधारण साडेतीन हजारांचं. डिझेलने यातले हजारभर वाचतीलही, पण इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की कित्येक वर्षांची बचत एका बिलात जाते. शिवाय मारुतीने डिझेल गाड्या एप्रिल २०२० मध्येच बंद केल्या, म्हणजे नवीन म्हणून जी मिळेल तीही तेवढी जुनी. आणि मुळात डिझेल घेतो कोण? ज्याचं रनिंग जास्त आहे तो. त्यामुळे डिझेल स्विफ्टचा मीटर साठ हजार दाखवत असेल तर मला आनंद होत नाही, शंका येते.

सीएनजीचा विचार मनात येणारच, कारण मुंबईत तो किलोला ऐंशीच्या घरात आहे. महिन्याला दीड-दोन हजार वाचतील हे खरं. पण तीच गाडी सीएनजीत साठ-सत्तर हजारांनी महाग पडते आणि तुमच्या वापरात ते पैसे वसूल व्हायला तीन वर्षं तरी जातील. टाकीने डिकी भरून जाते, मग गावाहून येताना फणस आणि तांदळाची गोणी ठेवणार कुठे? रोज पवई किंवा ठाण्याला गाडीने जाणार असतात तर मीच सीएनजी घ्या म्हटलं असतं. घेतलीच तर किट कंपनीचं असू द्या, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद बघा आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) झालीय का ते टाकीच्या पाटीवर वाचा. बाहेरून बसवलेलं, आरसीवर न चढवलेलं किट असलं की क्लेम अडकतो. हे मी फार वेळा बघतो.

मॉडेलपेक्षा मी वर्षाकडे आधी बघेन. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत बऱ्याचदा दोन्ही नसायचं. तुम्ही आईवडिलांना घेऊन पावसात कशेडी घाट उतरणार आहात, तिथे एबीएस नसलेली गाडी देऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून २०१९ च्या उत्तरार्धातली गाडी मिळाली तर उत्तम. त्याआधीची असेल तर दोन्ही गोष्टी असलेलं वरचं मॉडेल शोधा.

गाड्यांची नावंच हवी असतील तर वॅगन-आर, सेलेरिओ आणि टियागो. पहिल्या दोघींना गल्लीतला मेकॅनिकही डोळे मिटून हात घालतो आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर त्यांचा पार्ट हमखास मिळतो. म्हणूनच त्यांचा भाव चढा असतो. टियागो त्याच वयाची थोडी स्वस्त मिळते. तिची बांधणी भक्कम आहे, जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला पाचपैकी चार तारे मिळाले होते. तुमच्या घाटाच्या प्रवासासाठी माझं मत टियागोला. बजेटात यातलं काहीच धड बसलं नाही तर चांगली ठेवलेली अल्टो घ्या, पण दमलेली वॅगन-आर घेऊ नका. शेवरले, फोर्ड आणि डॅटसनच्या गाड्या दिसायला स्वस्त वाटतील. शेवरलेने इथली विक्री २०१७ मध्ये थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. एखाद्या पार्टसाठी आठवडाभर थांबावं लागणं पहिल्या गाडीला परवडत नाही.

भाव करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या उतरल्या. विकणारा बहुतेक वेळा त्याआधीचा भाव डोक्यात धरून बसलेला असतो. त्याच मॉडेलची आजची नवी किंमत सोबत घेऊनच बोलायला बसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो, पण त्या काळातल्या गाड्या आता फारशा उरल्या नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई तुंबली, २२ जुलै २०२१ ला तर तुमचं चिपळूणच बुडालं, आणि सखल भागातल्या तळघरातली पार्किंग जवळपास दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भरते. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या पाऊणपटीवर गेला की आम्ही गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतो. ती भंगारात विकली जाते आणि त्यातल्या काही धुऊनपुसून, नवी सीट कव्हर घालून परत बाजारात येतात. बुडालेल्या गाडीचं इंजिन नीट करता येतं, पण वायरिंगमध्ये गेलेलं पाणी वर्ष-दोन वर्षांनी बाहेर येतं. आज पॉवर विंडो बंद, उद्या एअरबॅगचा दिवा लागलेला, परवा गाडी चालूच होत नाही.

मध्यंतरी शेजाऱ्यांच्या मुलीसाठी मुलुंडला एक सेलेरिओ बघायला गेलो होतो. गाडी लखलखीत, आत अत्तराचा वास. मी पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची आडवी रेघ होती आणि तिच्याखाली बारीक गाळ बोटाला लागत होता. सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघितले, तर गंजलेले. मालक म्हणाले, पावसात काच उघडी राहिली होती. काच उघडी राहिली तर सीट भिजते, बेल्टच्या रिळात गाळ जात नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

तेव्हा गाडी बघताना चारही बेल्ट पूर्ण ओढा. पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. डिकीतली स्टेपनी काढा आणि तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यांत चिखल किंवा गंज आहे का बघा. याला मेकॅनिक लागत नाही, टॉर्च पुरतो.

मीटरवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो मागे फिरवता येतो, आणि न फिरवलेलाही मुंबईत अर्धीच गोष्ट सांगतो. एलबीएस रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रखडलेली गाडी मीटरवर दहा किलोमीटर दाखवते, पण क्लच आणि इंजिनने पूर्ण तासाचं काम केलेलं असतं. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला सर्व्हिस रेकॉर्ड मागा. त्यात तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, खोटं लगेच उघडं पडतं. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांची गाडी पंचवीस हजार किलोमीटर चाललीय म्हणतात आणि चारही टायर नवे, तर का बदलले ते विचारा.

गाडी सकाळी बघा, आणि मी येईपर्यंत चालू करू नका असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं समजून चला. थंड इंजिन चालू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळलं असू शकतं, मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. मग गांधीनगरहून पवईच्या चढावर चालवून बघा. तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असं झालं तर क्लच संपलाय. तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

शोधायला दूर जाऊ नका. भांडुप, मुलुंड, विक्रोळी, ठाण्यातल्या सोसायट्यांत विचारा, वॉचमनना सांगून ठेवा. नवी मोठी गाडी घेतोय म्हणून जुनी विकणारा किंवा रिटायर झालेला पहिला मालक भेटला तर त्याच्याशी अर्धा तास बोलून गाडी कशी वापरलीय ते कळतं. दलालाकडे गाडी असते, तिचा इतिहास नसतो. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्यांच्या नादी लागूच नका. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर निर्बंध आल्यापासून त्या इकडे येतात, आणि एनओसी व महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरेपर्यंत स्वस्ताई संपते. एमएच-०३, ०४ म्हणजे मुंबई-ठाण्याच्या पासिंगची गाडी बरी.

कागदपत्रांत गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकनच्या पुढे पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरवरून ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्यानेच भरायची.

विम्याबद्दल शेवटचं सांगतो, कारण पहिली गाडी घेणारे इथेच अडकतात. मालक म्हणेल, विमा अजून आठ महिने आहे, काळजी नको. पण थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, भाग गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतो, तुमच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी खरेदीच्या तारखेपासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करावी लागते. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तोही तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो. पंधराव्या दिवशी मुलुंड चेकनाक्यावर कुणी मागून ठोकलं आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्याच नावावर असली, तर माझ्यासारखा सर्व्हेअर सगळं नुकसान डोळ्यांनी बघूनही काही करू शकत नाही. गाडी ताब्यात घ्याल त्याच संध्याकाळी कंपनीला मेल करा, सोबत तारीख आणि वेळ घातलेली, दोघांच्या सह्यांची डिलिव्हरी नोट जोडा.