आधी लॅब ठरवा, मग फिल्म

आजोबांचा याशिका मॅट 124 जी हा जुना कॅमेरा कपाटातून निघाला आहे, त्याच्यासाठी कृष्णधवल रोल कोणता घ्यावा आणि बारीक दाण्याची 100 वेगाची (म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील) फिल्म 400 पेक्षा बरी नव्हे का, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता, ‘रोल घराजवळच्या कलर लॅबमध्ये धुवायला देईन’ असेही लिहिले आहे. माझे निम्मे उत्तर त्या शेवटच्या वाक्याला आहे, कारण मला सर्वांत महागात पडली ती नेमकी हीच गोष्ट.

रंगीत निगेटिव्ह ज्या सी-41 प्रक्रियेत धुतली जाते, तीत प्रतिमा शेवटी रंगद्रव्याची उरते आणि चांदी सगळी ब्लीच व फिक्सरमध्ये निघून जाते. एचपी 5, एफपी 4, ट्राय-एक्स, फोमापान या पारंपरिक कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा मात्र चांदीचीच असते आणि रंगद्रव्य तयार होण्याची सोय तीत नसते. त्यामुळे अशी फिल्म त्या यंत्रातून गेली की पूर्ण पारदर्शक, कोरी बाहेर येते. मी एचपी 5 चा रोल देताना हे स्पष्ट विचारले होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता ‘सगळे रोल एकाच मशीनमध्ये जातात’ असे सांगितले आणि दोन दिवसांनी कोरी पट्टी हातात ठेवून वर ‘तुमचे शटर उघडत नाही’ असे निदानही केले. त्या निदानावर विसंबून मी कॅमेरा मेकॅनिककडे टाकला, ज्या शटरला काहीच झाले नव्हते ते उघडून साफ करून घेतले, त्याचे पैसे मोजले आणि पुढचा रोल पुन्हा त्याच लॅबला दिला. तोही कोराच आला.

एका जुन्या स्टुडिओवाल्यांनी ती पट्टी उजेडासमोर धरून एवढेच विचारले, की कडेचे आकडे कुठे गेले? फिल्मच्या कडेला तिचे नाव आणि फ्रेमचे क्रमांक कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. रोल नीट धुतला की ते दिसतात, मग कॅमेऱ्यात त्यावर फोटो निघाले असोत वा नसोत. शटर अडकले असेल तर चौकटी कोऱ्या येतील, पण आकडे राहतील. आकडेही नसतील तर दोष धुण्याचा आहे, कॅमेऱ्याचा नव्हे. हे घेऊन मी लॅबमध्ये गेलो, तेव्हा मला पावतीच्या मागे छापलेली ‘आम्ही जबाबदार नाही’ ही ओळ वाचून दाखवण्यात आली. सर्वच लॅब अशा असतात असे माझे म्हणणे नाही. पण ‘कृष्णधवल रोल कोणत्या डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात) धुता?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या काउंटरवर मिळत नाही, तिथे रोल ठेवू नये.

तेव्हा जवळ फक्त कलर लॅब असेल आणि घरी धुण्याची तयारी नसेल, तर निवड एकच उरते: इल्फर्डची एक्सपी 2 सुपर. ती कृष्णधवल असूनही सी-41 साठीच बनवलेली आहे. तिचा वेग 400 आहे आणि स्कॅन करताना धूळ काढण्याची इन्फ्रारेड सोय तिच्यावर चालते, जी चांदीच्या फिल्मवर चालत नाही.

योग्य लॅब मिळाली किंवा स्वतः धुणार असाल, तर माझ्या मते पहिला रोल एचपी 5 प्लसचा घ्यावा. दाण्याची काळजी ही 35 मिमीची लहान फिल्म वापरणाऱ्यांकडून उसनी आलेली आहे. आपल्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह सुमारे 56 गुणिले 56 मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने 35 मिमीच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून मोठी, असते. त्या मानाने वेग फार उपयोगी पडतो. वाड्याच्या चौकातल्या मोकळ्या सावलीत 1/125 सेकंदाच्या शटरला 100 च्या फिल्मवर भिंगाचे छिद्र एफ 5.6 ठेवावे लागते, 400 वर त्याहून लहान, एफ 11. छिद्र लहान तेवढी स्पष्टतेची खोली जास्त, म्हणून 80 मिमीच्या भिंगाने जवळचा चेहरा टिपताना हा फरक फोकसची चूक झाकतो. भर उन्हातही अडचण येत नाही, कारण शटर 1/500 पर्यंत जाते. शटरचा एकच मंद वेग असलेला जुना बॉक्स कॅमेरा असता तर मी 100 चीच फिल्म सुचवली असती.

फोमापान 400 स्वस्त आहे, पण डब्यावर काहीही लिहिलेले असले तरी मी ती 200 धरूनच वापरतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’चे जुने रोल कुणी विकत असेल तर आठवण म्हणून घ्या, फोटो काढण्यासाठी नको.

घरी धुताना आपल्याकडे खरा शत्रू नळाचे कोमट पाणी. एचपी 5 ला आयडी-11 या डेव्हलपरमध्ये 1+1 प्रमाणात (निम्मे द्रावण, निम्मे पाणी) 20 अंशांना 13 मिनिटे लागतात, 24 अंशांना सुमारे 9. म्हणून उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात डबे ठेवावेत आणि पातळ द्रावणच वापरावे, कारण पाच मिनिटांच्या आत आटोपणारे धुणे डागाळण्याची भीती असते.

आणखी एक: या कॅमेऱ्याचे मीटर 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी केलेले आहे आणि ती आता बनत नाही. 1.5 व्होल्टची साधी बॅटरी घातल्यास ते उजेड जास्त दाखवून फोटो काळवंडवू शकते, तेव्हा निदान पहिल्या रोलला मोबाइलमधले मीटर वापरा, आणि रोल भरताना आतली दाबपट्टी (फिल्म सपाट धरणारी पट्टी) 12 च्या खुणेवर आहे ना, तेवढे पाहून घ्या.