दोन नाण्यांच्या शक्यता तीन की चार?

प्रश्न : सर, माझी मुलगी दहावीला आहे. दोन नाणी उडवली तर एक छापा आणि एक काटा येण्याची संभाव्यता ती १/३ काढते, म्हणते दोन्ही छापे, दोन्ही काटे नाहीतर एकेक, झाल्या की तीन शक्यता. उत्तर १/२ आहे हे मला माहितीय पण तिला पटवता येत नाही. धाकटा सहावीत, त्याला ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं वाटतं, आणि साडेतीन वाजता घड्याळाच्या काट्यांमधला कोन तो सरळ ९० अंश सांगतो. काय करू?
– एक पालक, सातारा

उत्तर : ताई, आधी लेकीला रागावू नका. दालांबेर हा मोठा फ्रेंच गणिती, त्यानेही १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात नेमकं असंच केलं होतं, नाणं दोनदा उडवून निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ लिहिली, खरं उत्तर ३/४. त्यानेही तीनच शक्यता मोजल्या आणि तिन्ही सारख्या धरल्या, सगळी गडबड तिथेच होते.

तिला एक रुपयाचं आणि एक पाचाचं नाणं द्या, म्हणजे दोन्ही वेगळी दिसतील. मग नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहायला लावा : रुपया छापा पाच छापा, रुपया छापा पाच काटा, रुपया काटा पाच छापा, रुपया काटा पाच काटा. मधल्या दोन ओळी ती एकच धरत होती. चारातल्या दोन, म्हणून २/४. तरी नाहीच पटलं तर दोघींनी बसून शंभर वेळा नाणी उडवा आणि ताळ्याच्या खुणा करा, एकेक येण्याच्या खुणा ३३ पेक्षा ५० च्या जवळपास जातील. फाशांचंही तेच, दोन फाशांची बेरीज २ ते १२ अशी अकरा प्रकारे येते म्हणून प्रत्येकीला १/११ द्यायचं नाही, ७ येण्याच्या सहा जोड्या आहेत आणि २ येण्याची एकच, म्हणजे ६/३६ आणि १/३६.

धाकट्याला मोजायची टेप द्या. ०.४ मीटर म्हणजे ४० सेंटीमीटर, ०.३५ म्हणजे ३५. स्वतः बोट ठेवून बघितलं की ३५ हा आकडा ४ पेक्षा मोठा आहे म्हणून होणारा घोळ जातो. वहीत मात्र ०.४ ला ०.४० लिहायची सवय लावा.

घड्याळात तो तासकाटा तीनवरच थांबवतोय. साडेतीनला तो तीन आणि चारच्या बरोबर मध्ये असतो. दर मिनिटाला अर्धा अंश सरकतो, ०.५ × ३० = १५, म्हणजे बारापासून ९० + १५ = १०५ अंश. मिनिटकाटा सहावर, १८० अंश. फरक ७५. हे जमलं की त्याला चार वाजून वीस मिनिटांचा कोन विचारा, दोन्ही काटे चारवर म्हणून तो शून्य म्हणेल, तेव्हा उत्तर न सांगता तासकाटा वीस मिनिटांत किती सरकला एवढंच विचारा, १० अंश तो स्वतः काढेल.