वाचनखूण, पुस्तकचिन्ह आणि खूणगाठ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय : त्यांच्या सातवीतल्या मुलीला बुकमार्क जमवायचा छंद आहे. 'माझा छंद' या निबंधात तिनं 'पुस्तकचिन्ह' असा शब्द वापरला. बाईंनी तो खोडून वर 'वाचनखुण' लिहिलं. दोघींपैकी बरोबर कोण, आणि असा छंद असलेल्या माणसाला मराठीत म्हणायचं काय?

बाईंचा शब्द बरोबर, उकार चुकला. अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, उकार दीर्घ, म्हणून 'खूण'. सामान्यरूप झालं की तोच ऱ्हस्व : खुणेला, खुणेचा, खुणांचा. म्हणजे एक 'वाचनखूण', पण 'वाचनखुणांचा संग्रह'. 'वाचनखूणांचा' आणि त्याहून भीषण 'वाचनखूणचा' ही रूपं हल्ली सर्रास दिसतात. 'सूनचा संसार' किंवा 'चूलवर दूध' असं मात्र अजून कुणी लिहीत नाही, एवढंच नशीब.

मुलीचा शब्द मात्र साफ चूक, आणि चूक तिची नाही. इंग्रजीत 'मार्क' दिसला की मराठीत 'चिन्ह' ठोकून द्यायची खोड मोठ्यांचीच. चिन्ह चारचौघांनी मिळून ठरवलेलं असतं : विरामचिन्ह, बोधचिन्ह, निवडणूक चिन्ह, बेरजेचं चिन्ह. खूण ओळखणाऱ्यापुरती असते : जन्मखूण, पाऊलखुणा, डोळ्यांनी केलेली खूण. खूण पटते, चिन्ह पटलेलं कधी ऐकलंय? तुम्ही पान ११२ वर थांबलात ही गोष्ट तुमच्यात आणि पुस्तकात आहे. तिथं चिन्ह कशाला?

शिवाय 'पुस्तकचिन्ह' हा शब्द दुसऱ्या वस्तूसाठी राखून ठेवलेला बरा. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मालकाचं नाव किंवा मुद्रा छापलेला कागद चिकटवतात, तो. त्याचे संग्राहक वेगळे आणि हिशेब वेगळा. वाचनखूण सुटी, हवी तेव्हा निघणारी. तो कागद चिकटलेला, सोडवायला गेलं की पुस्तकाचं अस्तर फाटणार. देवाणघेवाण करताना हे दोन एकाच नावाखाली आले की भांडण ठरलेलं.

'पृष्ठखूण' सुचवणारे विद्वानही आहेत. त्यांना एवढंच विचारायचं की एका पानाला पृष्ठं किती? दोन. खूण पृष्ठात घालता येते का? नाही, ती दोन पानांच्या मध्ये जाते. 'पानखूण' म्हणा, हरकत नाही. 'वाचनखूण म्हणजे वाचताना केलेली खूण, म्हणजे अधोरेखा' असा आक्षेप घेणाऱ्यांकडे मात्र लक्ष देऊ नये. १८५० पासून ज्या गावात नगर वाचन मंदिर उभं आहे, त्या करवीरात, म्हणजे कोल्हापुरात तरी 'वाचन-' नं सुरू होणाऱ्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. क्रियापद 'घालणे' किंवा 'ठेवणे'. 'पानात खूण घालून ठेव' हे सरळ मराठी आहे. 'बुकमार्क कर' हे संगणकापुरतं राहू द्या.

आता 'खूण' कुठून आली? बरेच जण 'क्षुण्ण'कडे बोट दाखवतात. क्षुण्ण म्हणजे तुडवलेलं, चेचलेलं, 'अक्षुण्ण' मधलं. तुडवलेल्या वाटेवर खुणा उमटतात, म्हणून क्षुण्ण, खुण्ण, खूण. ऐकायला गोड आहे, पण मराठीच्या कानाला विचारा. प्राकृतात 'ण्ण' झालेल्या शब्दाचा मराठीत 'न' होतो. पर्ण, पण्ण, पान. कर्ण, कण्ण, कान. सुवर्णाचं सोनं, चूर्णाचा चुना, जीर्णाचं जुनं, अरण्याचं रान. या वाटेनं क्षुण्णाचा 'खून' व्हायला हवा होता. तो झालेला नाही, आणि आपल्याकडे जो खून आहे तो फारसीतून आलाय. क्षुण्णवाले लगेच 'वर्ण'चा 'वाण' पुढे करतात. करू देत. एका वाणावर हळदीकुंकू उरकत नाही.

या नियमात खरी मजा 'पान' या शब्दाची आहे. पुस्तकाचं पान हे झाडाचंच पान, आणि जगात सगळ्यात स्वस्त वाचनखूणही पानच. दसरा चौकात सोनं लुटून आलेलं आपट्याचं पान घरी कुठल्यातरी पुस्तकात जातं. म्हणजे पर्णाचं पान, सुवर्णाचं सोनं, दोन्ही एकाच नियमाखाली, एकाच पुस्तकात! कोल्हापुरी साजातल्या पदकांनाही पानडी म्हणतात, तीही त्याच कुळातली. आणि पानाचा कोपरा मुडपणारे जे महाभाग आहेत ते पर्णाचा कर्ण, म्हणजे पानाचा कान पिरगाळतात. मुडपलेल्या रेघेवर कागदाचे तंतू तुटतात. जुना, लाकडाच्या लगद्याचा कागद असेल तर दोन-चार वेळा मुडपल्यावर तुकडाच हातात येतो.

संग्रहाची सुरुवात करायला पिंपळपानासारखी दुसरी वस्तू नाही. शिरा दणकट आणि टोकाला लांब शेपटी. ती पानाबाहेर काढून ठेवली की वेगळ्या गोंड्याची गरज नाही. जाळी करायची तर पान जून हवं : गडद हिरवं, हाताला चामट लागणारं. कोवळ्या पानाच्या शिराही गराबरोबर जातात. पसरट भांड्यात पानं बुडतील एवढं पाणी घालून वर बशी पालथी घाला. तीन ते चार आठवडे लागतात. दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला, आणि भांडं गॅलरीत ठेवा, वास येतो. गर बुळबुळीत होऊन बोटाला सुटायला लागला की पान ताटात पाण्याखाली धरून जुन्या मऊ टूथब्रशनं थापटायचं. थापटायचं म्हटलं, घासायचं नाही. आडवा ब्रश फिरला की जाळी फाटते, आणि पहिल्यांदा फाटते ती देठाजवळ. घाई असेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर तासभर शिजवा. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला सोडा खातो. हातात मोजे, आणि नंतर तीन पाण्यांनी धुणं, नाहीतर राहिलेला सोडा जाळी ठिसूळ करतो. मग दोन टिपकागदांमध्ये, वर जड ग्रंथ, चार-पाच दिवस. टिपकागदाऐवजी वर्तमानपत्र वापरलं तर अग्रलेखाची शाई पानावर उमटते. ओलं पान थेट पुस्तकात ठेवाल तर बुरशी आणि तपकिरी डाग दोन्ही मिळतील, कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर हमखास.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. निबंधात 'वाचनखुणांची संग्राहक' लिहा. 'छांदिष्ट' लिहू नका, त्यात लहरीपणाची छटा आहे. आणि कोल्हापुरात राहून 'छंद जोपासणे' कशाला? इथं माणसाला नाद लागतो, आणि तो खुळाच असतो.

खरा शब्द मात्र अजून पुढेच आहे : खूणगाठ. मनाशी खूणगाठ बांधतात, ती. सगळे सांगतात की आठवण राहावी म्हणून पदराला किंवा उपरण्याला गाठ मारत, त्यावरून हा शब्द आला. मला ते पटत नाही. पदराची गाठ 'काहीतरी करायचंय' एवढंच सांगते. काय आणि कुठं ते सांगत नाही. ती आठवण झाली. खूण जागेची असते. आता 'गाठ' बघा : ग्रन्थि, गंठि, गाठ. आणि 'ग्रंथ'? त्याच 'ग्रन्थ्' धातूचा, बांधणे, ओवणे. ताडपत्रांना भोकं पाडून त्यांतून दोरी ओवत आणि पोथी बांधून ठेवत. पुढं कागद आला, भोकाची गरज संपली, तरी लेखनिकांनी कित्येक पोथ्यांत मधली जागा कोरी सोडायची सवय सोडली नाही. जैन पोथ्यांत तिथं लाल ठिपका दिसतो. दोरी गेली, तिची जागा राहिली! तेव्हा माझा तर्क असा, की खूणगाठ ही पोथीच्या दोरीची गाठ आहे, पदराची नव्हे. यावर पंडित म्हणतील की 'ग्रंथ' म्हणजे शब्दांची गुंफण, दोरीशी संबंध नाही, आणि ३२ अक्षरांच्या मापालाही 'ग्रंथ' म्हणत, त्यावर लेखनिकाचं काम मोजत. मान्य. पण शब्द गुंफायची कल्पना सुचायला आधी कुणीतरी दोरा हातात घेतलेला असतोच. पदरवाल्यांनी पदराच्या बाजूनं याहून सरस पुरावा आणावा, मग बोलू.

म्हणून पुस्तकाच्या पाठीला जोडलेली जी फीत असते, तिला 'खूणगाठ' म्हणावं असं माझं ठाम मत आहे. सुट्या खुणेला वाचनखूण, बांधलेलीला खूणगाठ. कल्पना जुनीच आहे : आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी वाचनखूण सहाव्या शतकातली, इजिप्तमधल्या कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला चामड्याच्या पट्टीनं जोडलेली आहे. फीत किती लांब हवी? पानाच्या कर्णाएवढी (बघा, कान आलाच) आणि वर थोडी. डेमी आकाराचं पान साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर, कर्ण साडेपंचवीस. खाली तीन सेंटिमीटर बाहेर, वर पाठीत चिकटवायला तीन, म्हणजे ३२ सेंटिमीटर फीत कापावी. आखूड फीत कोपऱ्यातून ओढली जाते आणि पाठीतून उपटून येते. टोक तिरकं कापा. नायलॉनचं असेल तर ज्योतीला निसटतं लावून बंद करा. सुती किंवा रेशमी असेल तर डिंकाचा थेंब. गाठ मारायची तर ती पानाबाहेरच राहिली पाहिजे, आत राहिली तर दहा पानांवर खड्डा उमटतो.

रेशमी खुणांचे शौकीन इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या थॉमस स्टीव्हन्सचं नाव घेतात. त्यानं १८६२ पासून जॅकार्ड मागावर चित्रं आणि अक्षरं विणलेल्या रेशमी वाचनखुणा काढल्या. जॅकार्ड काय असतं ते इचलकरंजीच्या शेजाऱ्यांना सांगायला नको. अशी खूण मिळाली तर धुऊ नका, इस्त्री करू नका आणि उजेडात टांगू नका. रेशीम आधी विटतं, मग घडीवर चिरतं.

आपल्याकडे जमवण्यासारखं पुष्कळ आहे. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याच्या कातरणीतून सुंदर खुणा होतात, कारण ते बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं. पट्टी एक मिलिमीटरहून जाड नको. ताजं तेल लावलेलं असेल तर काही आठवडे बटर पेपरमध्ये राहू द्या, नाहीतर तेल पानात उतरतं. गोंडा ओवायला भोकात लोखंडी कडी घालू नका : हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलसर हवेत भेटले की काळी शाई तयार होते. पितळी घाला. कागदी खुणांना पाठीमागे मऊ पेन्सिलीनं साल, कुठून मिळाली आणि कुणाकडून, एवढं लिहा. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. पीव्हीसीचे स्वस्त खिसे नकोत, काही वर्षांत चिकट होऊन छपाई उचलतात; पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. गोंड्याच्या रंगाची परीक्षा ओल्या पांढऱ्या चिंधीनं आधीच करा. आणि वर्तमानपत्राचं कात्रण खूण म्हणून घालायचं थांबवा. त्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर कात्रणाच्याच आकाराचा तपकिरी चौकोन उमटवतं, आणि तो मग कशानंही जात नाही.