लाइव्ह रेकॉर्डिंगला बाहेरचा टाइमकोड कसा द्यायचा?

प्रश्न: नाटकाचं शूट तीन कॅमेऱ्यांनी करतो, मेन फीड डायरेक्ट लॅपटॉपवर रेकॉर्ड होतो. टाइमकोड जनरेटर (प्रत्येक फ्रेमला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा वेळेचा आकडा देणारं यंत्र) भाड्याने आणला तरी लॅपटॉपवरची प्रत्येक क्लिप शून्यापासूनच सुरू होते, असं का?

उत्तर: अहो, जनरेटर नुसता लावून भागत नाही, सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की आकडे तिकडून घे म्हणून. कॅप्चर सेटिंगमध्ये डिव्हाइस कंट्रोल बंद करा, कारण लाइव्हला डेक (टेप चालवणारं मशीन) नसतोच, आणि टाइमकोड सोर्स एक्स्टर्नल किंवा एलटीसी (आवाजाच्या सिग्नलच्या रूपात येणारा टाइमकोड) ठेवा. आता तुमच्या कॅप्चर कार्डला (कॅमेऱ्याचा सिग्नल लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) एलटीसी इनपुटच नसेल (स्वस्तातल्या बहुतेकांना नसतं) तर तो ऑप्शन दिसणारच नाही, मग सरळ जुगाड करायचा, एलटीसी म्हणजे शेवटी ऑडिओ सिग्नलच आहे, तो एका रिकाम्या ऑडिओ चॅनेलवर रेकॉर्ड करा आणि नंतर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून ऑडिओ ट्रॅकवरून टाइमकोड अपडेट करून घ्या. त्या चॅनेलचा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं) आणि नॉइज रिडक्शन मात्र बंदच हवं, नाहीतर कोडची वाट लागते. आणि एडिटमध्ये तो ट्रॅक म्यूट करा, फार कर्कश किरकिर असते हो ती!

फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) सगळीकडे एकच, आपल्याकडे शक्यतो २५. कॅमेरा २९.९७ वर आणि जनरेटर ३० वर राहिला तर तासाला जवळपास साडेतीन सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे अंक संपेपर्यंत ओठ एकीकडे, संवाद दुसरीकडे.