हळदीकुंकू झालं, आता पुढं काय?

कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव भागातनं यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेक सगळी महिला मंडळ, बचत संघ आणि पोरींचं शिक्षण यावरचीच आहेत. नावं छापत नाही, गावंही मोघमच ठेवलीत, कारण आपल्याकडं गावाचं नाव छापलं की संध्याकाळपर्यंत पत्र कुणी लिहिलं ते कट्ट्यावर ठरलेलं असतं.

प्रश्न : अक्का नमस्कार. आमचं महिला मंडळ लई जुनं आहे पण काम म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू, नवरात्रात भजन आणि वर्षाला एक ट्रिप. आता आम्हा चौघी-पाचजणींना वाटूलालंय की पोरींच्या शिक्षणासाठी काय तरी करावं. शाळा मराठी, पोरी एसएसएलसी म्हणजे दहावी पास होतात आणि घरात बसतात. पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी इंग्लिशमधनं, कॉलेज तालुक्याला, बस धड नाही. म्हातारी माणसं म्हणतात, शिकून काय डीसी (जिल्हाधिकारी) होणार आहे काय. सुरवात कुठनं करायची?
– एक सदस्या, खानापूर तालुका

उत्तर : हळदीकुंकू बंद करू नका बरं का, आधीच सांगते. जी सून एरवी उंबऱ्याबाहेर पडत नाही ती त्या दिवशी नटून बाहेर येते, सासू पण काही बोलत नाही. तिथंच वही काढायची. गेल्या तीन वर्षांत गावातल्या कुठल्या पोरी दहावी पास झाल्या, ती यादी हेडमास्तरांकडनं घ्या आणि एकेका नावापुढं लिहा, आता कुठं आहे. कॉलेजला, आयटीआयला, काजू फॅक्टरीत, लग्न झालं की घरात. आणि का. पहिल्यांदा विचारलं की सगळ्याच घरी ‘पैसे नाहीत’ हेच उत्तर येतं, तिथंच थांबू नका, चहा घेऊन परत विचारा, मग खरं बाहेर येतं – संध्याकाळची बस चुकली तर अंधारात फाट्यावरनं चालत यावं लागतं, तिथं टपरीवर पोरं बसलेली असतात, धाकटा भाऊ सांभाळायला कोणी नाही, आणि सगळ्यात जास्त म्हणजे इंग्लिशची भीती.

या भीतीवर मंडळ खरोखर काहीतरी करू शकतं. दहावीपर्यंत त्वरण, घनता, नफा-तोटा असं शिकलेली पोर पीयूसीला जाते आणि पहिल्याच आठवड्यात ॲक्सिलरेशन, डेन्सिटी, डेबिट-क्रेडिट ऐकते. तिला गणित येत असतं हो, पण वर्गात काय चाललंय ते कळत नाही, आणि बाजूची कॉन्व्हेंटची पोर हसली की ही दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच. परीक्षा संपल्यापासनं कॉलेज सुरू होईपर्यंत मधे सुट्टी असते, तेवढ्यात समाज मंदिरात रोज तासभर क्लास चालवा. शिकवायला शहरातला सर कशाला, तुमच्याच गावातली पीयूसी सेकंड इयरची पोर बसवा, फळ्यावर डावीकडं मराठी उजवीकडं इंग्लिश, तिला मंडळातनं थोडं मानधन द्या. ती पण टिकते आणि या पण टिकतात.

नापास पोरींना तर आधी गाठा. बऱ्याच घरात अजून माहितीच नाही की 2024 पासनं आपल्या बोर्डाच्या एसएसएलसी आणि सेकंड पीयूसीला एकाच वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा असतात, म्हणजे एक-दोन विषय राहिले तरी लगेच पुढच्या परीक्षेला बसता येतं, वर्ष वाया जाण्याचं कारण नाही. निकाल लागला की रडारड होते, पोरीला मामाच्या गावी पाठवतात आणि तोवर फॉर्मची तारीख निघून जाते. तुमच्यातल्या एकीनं फक्त ही तारीख सांभाळायची, दुसरं काही नाही.

राहता राहिली बस. शक्ती योजना 11 जून 2023 ला सुरू झाली, कर्नाटकातल्या बाईला राज्यात साध्या सरकारी बसला तिकीट नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण बसच कॉलेजच्या टायमाला नसली तर फुकट तिकिटाचं करायचं काय? इथं नुसती तक्रार करून होत नाही. किती पोरी, कुठल्या स्टॉपवरनं, कॉलेज किती वाजता भरतं, किती वाजता सुटतं, आत्ताची बस किती वाजताची आहे हे एका पानावर मांडा, पोरींच्या सह्या, कॉलेजच्या प्रिन्सिपॉलचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा आणि डेपो मॅनेजरकडं द्या. दुसऱ्या कॉपीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसच्या बाहेर पडू नका. अर्ज कन्नडमधनं द्या. यावर मला मागं एका वाचकांनी चिडून पत्र लिहिलं होतं, पण मराठीचा अभिमान आपल्या जागी, इथं आपल्याला बस पाहिजे आहे. तुमच्या पोरी शाळेत कन्नड शिकलेल्याच आहेत, अर्ज त्यांच्याकडनंच लिहून घ्या. एका गावात मी बघितलंय, दहावीतल्या पोरीनं अर्ज लिहिला, साहेबांनी विचारलं हे कोणी लिवलं, आणि पोरगी म्हणाली ‘नाने बरदे सर’, मीच लिहिलंय सर. तिच्या आईला कन्नड येत नव्हतं, पण तिचा चेहरा बघायला पाहिजे होता.

म्हाताऱ्यांशी वाद घालू नका. आपल्याच भागातलं सांगायचं झालं तर निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्या बायकांनी 1980 च्या आगंमागं युनियन करून मजुरीसाठी संप केले, त्यातल्या कितीतरी जणींना सही येत नव्हती. घटप्रभेला ‘मास’ म्हणून संस्था आहे, देवदासी म्हणून सोडलेल्या बायकांनी स्वतः उभी केलेली, तिथल्या सीतव्वा जोडट्टी यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं पोरी सोडायला बंदी घालणारा कायदा कर्नाटकात 1982 मध्येच झाला, पण नुसत्या कायद्यानं ते थांबलं नाही, या बायका गावोगाव दारात जाऊन बसल्या तेव्हा कमी झालं. डीसी होणार काय म्हणणाऱ्यांना हे सांगा, नाहीतर सांगू पण नका, बस सुरू करून आणा.

प्रश्न : मंडळ रजिस्टर करावं लागतं का? आमच्यात दोन गट पडलेत, एक म्हणतो कशाला ती कटकट.
– निपाणी

उत्तर : बस मागायला, क्लास घ्यायला रजिस्ट्रेशन लागत नाही. पण देणगी घ्यायची, मंडळाच्या नावानं खातं काढायचं, सरकारी स्कीममधनं काही मागायचं तर करून घ्या. कर्नाटकात 1960 चा सोसायटी नोंदणी कायदा आहे, त्यात कमीत कमी सात जणी लागतात, नियमावली करायची आणि जिल्हा नोंदणी अधिकाऱ्यांकडं द्यायची. खरी कटकट त्यानंतर असते, दरवर्षी सभा, हिशोब तपासणी, कमिटीची यादी पाठवणं, हे केलं नाही की मंडळ कागदावर मरतं. बँकेत दोघींच्या सहीनं खातं ठेवा आणि त्या दोघी जावा-जावा नकोत. आणि अंगणवाडीमार्फत चालणारे स्त्री शक्ती संघ वेगळे, ते बचत-कर्जाचे, त्यांचा पैसा आणि मंडळाचा पैसा एका डब्यात ठेवू नका, निम्मी भांडणं तिथंच होतात.

प्रश्न : माझं माहेर चंदगड, सासर बेळगाव तालुका. माहेरच्या भावजयांना लाडकी बहीणचे पैसे मिळतात, मला का नाही? नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर ठेवलं तर चालेल का?
– शिनोळीच्या अलीकडची

उत्तर : नाही चालणार आणि करू पण नका. लाडकी बहीण महाराष्ट्रात राहणाऱ्यांना, महिना 1500. तुम्ही राहता इकडं, तुमच्यासाठी कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी, महिना 2000, पण ती रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे तिलाच, म्हणजे बहुतेक सासूबाईंना. घरात कोणी इन्कम टॅक्स भरत असेल, म्हणजे त्या बाई किंवा त्यांचा नवरा, तर नाही. सासूबाईंचे पैसे सासूबाईंकडंच राहू देत हो, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यावर काही आलंय.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. मिटिंगला मिस्टर जातात, वही घरी येते, मी सही करते. मंडळातल्या बायका म्हणतात तू जायला पाहिजेस. मिस्टर चांगले आहेत, भांडण नको आहे.
– हुक्केरी तालुका

उत्तर : मिस्टर चांगले असतीलच, पण निवडून तुम्ही आलाय. कर्नाटकानं महाराष्ट्राच्याही आधी, 1983 च्या कायद्यात पंचायतीत बायकांना 25 टक्के जागा दिल्या, त्यावर 1987 ला निवडणुका झाल्या, आता तर निम्म्या जागा आहेत. म्हणजे तुमच्या सासूच्या वयाच्या बायका त्या खुर्चीवर बसून गेल्यात. पुढच्या मिटिंगला मंडळातल्या दोघींना बरोबर घेऊन जा, त्या बाहेर बसतील, तुम्ही आत. पहिल्या दिवशी बोलू नका हवं तर. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) एवढंच सांगा की नोटीस माझ्या हातात द्या आणि ठराव वाचल्याशिवाय मी सही करणार नाही. वही घरी येणं बंद झालं की मिस्टरांचं जाणं आपोआप बंद होतं, घरात विषय काढायची पण गरज नाही. आणि पहिल्याच महिन्यात शाळेच्या पोरींच्या टॉयलेटला पाणी आहे का तेवढं बघून या, एसडीएमसीमधल्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीतल्या, आयांना घेऊन. नसलं तर तो तुमचा पहिला ठराव.

प्रश्न : भाऊ म्हणतो हक्कसोड पत्रावर सही कर, नाहीतर यात्रेला बोलावणार नाही. कायदा काय आहे?
– बेळगाव ग्रामीण

उत्तर : वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा देशभरचा बदल 9 सप्टेंबर 2005 पासनं आहे, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच येतो, 2005 ला वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. पण 20 डिसेंबर 2004 च्या आधीच रीतसर वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही, आणि वडिलांनी स्वतः कमावलेल्या जमिनीचं मृत्युपत्र ते कुणाच्याही नावानं करू शकतात. त्यामुळं आधी उतारे काढा आणि वकिलाला दाखवा. वाटा सोडायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी सोडू नका असं म्हणत नाही, भावाची परिस्थिती तुम्हाला माहीत. फक्त यात्रेच्या जेवणावळीत, चार माणसात कागद पुढं केला म्हणून सही करायची नाही. ‘वाचून सांगते’ एवढं म्हणा आणि कागद पिशवीत घाला.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरवलंय, तिला अजून सतरा पूर्ण व्हायची आहेत. तिला शिकायचंय. मी काय करू? माझं नाव कळू नये.
– कॉलेजची विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, हे पत्र मासिकात छापून येईपर्यंत थांबायचं नव्हतं, तुझ्याकडं आधीच निरोप पोचवलाय, पण तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी छापते. 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा, फोन फुकट आहे, नाव सांगायची सक्ती नाही. फोन करायला भीती वाटत असेल तर अंगणवाडी शिक्षिका किंवा मंडळातल्या ज्या बाईवर विश्वास आहे तिला सांग, त्या सीडीपीओ (बालविकास अधिकारी) ऑफिसला कळवतील. लग्न लावणारे, ठरवणारे यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि लाखापर्यंत दंड आहे, आणि कर्नाटकात तर कायदा बदलून असं लग्न मुळात लग्नच धरलं जात नाही. पत्रिका छापायच्या आधी सांगितलं तर बोलून मिटतं, मांडव पडल्यावर सगळं अवघड होतं. तिचं मार्ककार्ड आणि आधार कार्ड कुठं ठेवलंय तेवढं तिला बघून ठेवायला सांग.