मोडक्या खेळण्यांतून नॅरोगेज इंजिन बनवताना सुरुवात कुठून करायची?

तुमच्याकडे खेळण्यातल्या ट्रेनचं एक मोडकं इंजिन आणि बॅटरीवरच्या दोन-तीन गाड्या आहेत. त्यातून चालणारं नॅरोगेज मॉडेल बनेल का आणि आधी बॉडी करायची का, असं तुम्ही विचारलंय. नक्की बनेल. पण बॉडी सगळ्यात शेवटी. आधी इंजिन सावकाश चालायला हवं, कारण नॅरोगेजची सगळी शान त्या संथ चालीत आहे.

त्या मोडक्या इंजिनाची चाकं १६.५ मिमी गेजच्या (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेल्या) रुळांवर बसत असतील तर ती फेकू नका. मॉडेल १:४८ मापात, म्हणजे खऱ्याच्या ४८ पट लहान, करा. त्या मापात हे रूळ ७९२ मिमी गेजचे होतात, खरं अडीच फुटी गेज ७६२ मिमी असतं. एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही. शिवाय भाग मोठे, म्हणजे हाताला सोपे.

आता वेगाचा हिशेब. समजा मोटर मिनिटाला ९,००० फेरे घेते आणि चाक १२ मिमी व्यासाचं आहे. खेळण्यातल्या गाडीचा १:१० गिअर (मोटरच्या दहा फेऱ्यांना चाकाचा एक फेरा) तसाच ठेवला तर १:४८ मापात इंजिन ताशी जवळपास ९८ किमीने सुटेल! तेच १:४० केलं की साधारण २४ किमी. हा झाला नॅरोगेजचा वेग. म्हणून वर्म गिअर शोधा: वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, त्याच्या एका फेऱ्याला दात्यांचं चाक एकच दाता सरकतं. ज्या खेळण्यात काहीतरी हळूहळू फिरतं, त्यात तो बहुधा सापडतो. १:४० साठी लागणारं ४० दात्यांचं चाक इंजिनाखाली मावणार नाही. मग वर्मला २० दात्यांचं चाक लावा आणि पुढे १:२ ची साधी जोडी.

वर्म बसवताना त्याच्या आणि दात्यांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी धरा, मोटर पक्की करा, मग मोटरचा दांडा हाताने फिरवून पट्टी बाहेर काढा. कागदाएवढी फट राहते आणि गिअर घरघरत नाही. माझ्या मते सगळ्या कामात इथेच सर्वात जास्त वेळ द्यावा.

खेळण्यातली मोटर बहुतेक वेळा ३ व्होल्टची असते, रुळांना वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या ट्रॅक कंट्रोलरवर ती जळते. चाकं प्लास्टिकची असतील तर रुळांतून वीज घेण्याच्या फंदात पडू नका, सेल मागच्या डब्यात ठेवा. धातूची असतील तर चारही चाकांवरून वीज घ्या. एवढ्या आखूड इंजिनाची दोनच चाकं वीज घेत असतील तर रुळावरच्या जराशा धुळीनेही ते अडतं.

पहिल्या इंजिनाला साइड रॉड, म्हणजे चाकांना बाहेरून जोडणारे दांडे, नकोत. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या दोन फुटी रेल्वेवर चालणारी सिम्प्लेक्स इंजिनं बघा: चाकांना साखळीने गती, बाहेर एकही दांडा नाही, बॉडी म्हणजे जवळपास खोकंच. तो साचा तुमच्या अडीच फुटी इंजिनालाही शोभेल.

बॉडीला १ मिमीची प्लास्टिक शीट पुरते. रिव्हेट हवे असतील तर पातळ पत्र्यावर मागून बोथट सुईने टोचे द्या. केबिनची उंची मात्र ड्रायव्हरवरून ठरवा: १७० सेंमीचा माणूस १:४८ मध्ये साडेपस्तीस मिमी होतो. पुठ्ठ्याचा तेवढा माणूस कापून चासीवर उभा करा आणि छत त्याच्या डोक्यावर घ्या. वजन, म्हणजे शिसं किंवा नटबोल्ट, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधोमध भरा. रंग देण्याआधी बॉडी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर हाताचं तेल राहून रंग सुटतो.