वाचक विचारतात : लॅमी २००० वापरताना

शाईच्या पेनांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी लॅमी २००० या एकाच पेनाबद्दल होती, म्हणून या वेळचं सदर त्याच्यासाठीच. हायडेलबर्गच्या लॅमी कंपनीने हे पेन १९६६ मध्ये बाजारात आणलं. रचना गेर्ड ए. म्युलर यांची, त्याआधी ते ब्राउन कंपनीसाठी काम करत. पेनाचं रूप तेव्हापासून जवळजवळ बदललेलं नाही. काळी कांडी मॅक्रोलॉन नावाच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची, बोटांत धरायची ग्रिप स्टेनलेस स्टीलची, निब १४ कॅरट सोन्याची आणि बरीचशी ग्रिपखाली झाकलेली. शाई कांडीतच भरायची, पिस्टन फिरवून.

मी रोज मराठीतच लिहिते. या पेनात कोणती निब घ्यावी? दुकानदार मीडियम सुचवतात.
— शिक्षिका, कोल्हापूर

फाइन घ्या. अक्षर अगदी बारीक असेल तर एक्स्ट्रा फाइन.

ही निब ओली लिहिते, म्हणजे शाई सढळ सोडते. तिची फाइन रेघ साधारण ०.६ मिमीची, मीडियम त्याहून जाड. पायलटची फाइन निब वापरली असेल तर लॅमीची एक्स्ट्रा फाइनसुद्धा तिच्यापेक्षा जाड वाटेल. देवनागरीत हा फरक रोमनपेक्षा जास्त जाणवतो. ८ मिमी ओळींच्या वहीत आपल्या अक्षराचा मधला भाग जेमतेम ३-४ मिमी उंच असतो. वर शिरोरेघ आणि मात्रा, खाली उकार. त्यात ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘ङ्ग’ आले की जाड रेघेने आतल्या मोकळ्या जागा बुजतात. पाठ तपासताना शेरे लिहायला मीडियम छान, पण पानभर मजकुराला फाइनच.

दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एकाच मापाच्या दोन निबांतही थोडा फरक निघतो, त्यामुळे दुकानात बुडवून लिहून पाहा आणि त्यात जोडाक्षरांचं एखादं वाक्य असू द्या. आणि सोन्याची निब म्हणजे दाबली की रेघ जाड होणार, ही अपेक्षा ठेवू नका. बोरूने किंवा टाकाने येणारे जाड-बारीक फराटे हिचं काम नाही. जोर दिला तर निबच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात आणि पुन्हा जुळत नाहीत. बॉलपेनची सवय असलेल्या हाताने पहिले काही दिवस मुद्दाम हलकं लिहावं.

पूर्ण भरलं तरी दोन-तीन दिवसांत पेन रिकामं होतं. पिस्टन बिघडला आहे का?
— वाचक, ठाणे

बहुधा नाही. पेन अर्धंच भरत असावं.

ग्रिपच्या खालच्या अंगाला, निबच्या किंचित मागे, एक बारीक भोक आहे. भरताना ते शाईत पूर्ण बुडालं नाही, तर पिस्टन शाईबरोबर हवाही ओढतो. निब झाकलेली असल्याने नुसतं टोक बुडवून पुरेसं झालं असं वाटतं, आणि इथेच गडबड होते. मागची मूठ घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवून पिस्टन खाली आणा. निब आणि स्टीलचा पुढचा भाग भोकासह शाईत बुडवा. मूठ सावकाश सुलट फिरवा, पूर्ण वर आली की तसंच ५ सेकंद थांबा. पहिल्या खेपेला आत असलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, म्हणून हे दोनदा करा. शेवटी दोन-तीन थेंब दौतीत परत सोडा, निब वर धरून मूठ बंद करा, ग्रिप मऊ सुती कापडाने पुसा. कांडीत साधारण १.३ मिलि शाई मावते.

दौतीत शाई तळाला गेली की हे भोक बुडत नाही. उरलेली शाई अरुंद, उभ्या बाटलीत ओतून घ्या.

माझं पेन मधेच रेघ सोडतं. पेन किंचित फिरवलं की पुन्हा लिहितं. निब सदोष म्हणून परत करू का?
— वाचक, पुणे

घाई नको. या पेनाबद्दल सर्वांत जास्त तक्रार हीच असते आणि बहुतेकदा कारण धरण्यात असतं. या निबचं टोक ठरावीक कोनातच कागदाला नीट भिडतं. उघड्या निबच्या पेनात ती डावीकडे कलली की डोळ्यांना लगेच दिसतं. इथे टोकाचा लहानसा तुकडाच बाहेर असतो आणि ग्रिप गुळगुळीत गोल, त्यामुळे पेन बोटांत कधी फिरलं ते कळत नाही.

टोपण मागे लावून लिहा आणि लावताना क्लिप निबच्या वरच्या बाजूच्या सरळ रेषेत ठेवा. क्लिप डोळ्यांसमोर राहिली की पेन कलल्याचं लगेच कळतं. आठवड्याभरात हाताला जागा सापडते, मग टोपण न लावताही चालतं.

तरीही रेघ सुटली तर आधी ती कुठे सुटते ते पाहा. फक्त पानाच्या खालच्या भागात सुटत असेल तर दोष कागदावर आलेल्या हाताच्या तेलाचा आणि घामाचा आहे. हाताखाली टिपकागद ठेवा. सगळीकडे सुटत असेल तर पेन धुवा : २०० मिलि कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब, पिस्टनने आठ-दहा वेळा आत-बाहेर, मग साध्या पाण्याने फेस जाईपर्यंत. नव्या पेनातही कारखान्यातलं तेल राहिलेलं असू शकतं. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर क्षार आत बसतात.

एवढं करूनही सुटत असेल, तर दहापट भिंगातून टोक समोरून पाहा. चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत नसतील तर पेन खुशाल परत करा किंवा निब दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. पॉलिश पेपरवर स्वतः घासू नका. टोकाचा कठीण धातू एकदा गेला की परत येत नाही.

मुंबईहून पुण्याला आलो की टोपणात शाई दिसते. घाटामुळे होतं का?
— वाचक, डोंबिवली

काही अंशी. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच, म्हणजे तिथे हवेचा दाब सुमारे ७ टक्के कमी. कांडीत १ मिलि हवा असेल तर ती ०.०७ मिलि फुगते आणि दीडेक थेंब शाई पुढे ढकलते. एवढी शाई निबखालची जीभ, म्हणजे निबला शाई पुरवणारा खाचांचा भाग, सांभाळून घेते. पण पेन खिशात आडवं असेल, धक्के बसत असतील आणि अंगाची ऊब लागत असेल, तर सगळं मिळून टोपणात उतरतं.

विमानात प्रकरण मोठं. केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरू शकतो. तीच १ मिलि हवा साधारण एक तृतीयांश फुगते, म्हणजे सहा-सात थेंब. म्हणून पेन एक तर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं न्या, आणि चढताना-उतरताना निब वर ठेवा. अर्धं भरलेलं पेन सर्वांत वाईट.

कॅमलची शाई चालेल का? बँकेच्या कागदांवर सह्या करायला कोणती घ्यावी?
— वाचक, नाशिक

कॅमलची फाउंटन पेनची शाई खुशाल वापरा. कॅमल बनवणाऱ्या दांडेकरांच्या मुंबईतल्या व्यवसायाची सुरुवात १९३१ मध्ये शाईपासूनच झाली. फक्त बाटलीवर ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ लिहिलं असेल तर ती पेनाच्या जवळही आणू नका. तसल्या शाईतला लाखेसारखा चिकट भाग जिभेच्या खाचांत वाळतो आणि पाण्याने सुटत नाही.

सह्यांसाठी निळी शाई पाण्याने पुसली जाते. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक किंवा प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक या लोहयुक्त शाया टिकतात आणि फाउंटन पेनसाठीच बनवलेल्या आहेत. अट एकच, दर तीन-चार आठवड्यांनी पेन धुवायचं आणि भरलेलं पेन आठवड्याहून जास्त पडू द्यायचं नाही. या पेनात जीभ दिसत नाही, गाळ साचतोय हे वरून कळत नाही. शाई बदलतानाही आधी धुवा. दोन शायांचं मिश्रण आत साखळू शकतं.

जुनं पेन मिळालं आहे, पण पिस्टन फार जड फिरतो. खोबरेल तेल घालू का?
— वाचक, बेळगाव

तेल कुठलंच नको, शिवणयंत्राचंही. ते शाईत उतरतं आणि रेघ सुटू लागते. लागतं ते शुद्ध सिलिकॉन ग्रीस, मोहरीएवढं.

जोराने मूठ फिरवण्याआधी पुढचा भाग रात्रभर साध्या पाण्यात उभा ठेवा; बऱ्याचदा अडसर वाळलेल्या शाईचाच असतो. मग धुऊन, रिकामं करून, पिस्टन मागे घ्या. ताटलीवर धरून ग्रिप घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की ती कांडीपासून सुटते. ताटली विसरू नका. जोडावर एक पातळ स्टीलची कडी असते आणि तिची दोन इवलीशी टोकं बाहेर डोकावतात. टोपण त्याच टोकांना अडकतं. कडी मोरीत गेली तर टोपण कायमचं सैल. टूथपिकने ग्रीसचा पातळ हात कांडीच्या आतल्या भिंतीला फिरवा, कडी जागच्या जागी ठेवून ग्रिप बसवा, पिस्टन पाच-सहा वेळा चालवा आणि शाईआधी एकदा पाणी भरून गळती तपासा. ग्रिप सुटत नसेल तर अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. पक्कड, उकळतं पाणी आणि निब मागे ढकलून काढणं, तिन्ही टाळा.

काळी कांडी हाताने चकचकीत झाली आहे. पूर्वीसारखी मॅट करता येईल?
— वाचक, पणजी

वर्षानुवर्षांच्या हाताळणीने मॅक्रोलॉनवरच्या बारीक रेषा झिजतात. घासणीने ओरखडे पडतात, तो मूळचा मॅटपणा येत नाही. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर हा प्लास्टिक खातात. ओल्या कापडाने पुसा आणि लिहीत राहा.